फक्त घर नंबर

शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास तो फोन आला, तेव्हा विनिता केणी कोळंबी सोलत होती. हात ओले होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार. दर्यातून दारात का?" आवाज शांत, जरासा थकलेला. "मी मानसी धुरीचा मिस्टर बोलतोय. आज आमची ऑर्डर आहे. दोन सरंगे आणि अर्धा किलो कोळंबी."

"हो सर. बारा ते एक."

"मिसेसनी पत्ता चुकीचा टाकलाय बहुतेक. सागरछाया, कांदरपाडा, हे बरोबर आहे. पण घर नंबर काय लिहिलाय तेवढा बघता का? मागे एक पार्सल भलत्याच्याच घरी गेलं होतं."

असे फोन रोजचे होते. कुणी विंग विसरे, कुणी पिनकोड. विनिताने एक बोट पदराला पुसलं, टॅब उघडला आणि वाचून दाखवलं, "बी विंग, सहाशे तीन."

"हां, मग बरोबर आहे. थँक्यू हां मॅडम."

सोलायला अजून दोन टोपल्या होत्या. तो फोन ती लगेच विसरून गेली.

विनिता गोराईची. कोळीवाड्यात सासरचं घर, नवऱ्याची बोट, आणि सासू पार्वती जन्मभर बोरिवलीच्या बाजारात मासळी विकत आलेली. लॉकडाऊनमध्ये बाजार बंद पडला तेव्हा विनिताने मरोळच्या एका वेबसाइटवाल्याला गाठलं. अल्पेश त्याचं नाव, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात त्याचं ऑफिस. त्याने 'दर्यातून दारात' बांधून दिलं. लोक फोनवर नाव, नंबर, पत्ता टाकत आणि मासळी निवडत. सकाळी अकराच्या बोटीने खोकी खाडीपलीकडे जात. तिथे नंदू रिक्षा घेऊन उभा असे. पन्नाशीचा, नात्यातलाच माणूस. तो बोरिवली, दहिसर, कांदिवलीभर घरोघरी पोचवी. पाच वर्षांत चार हजारांवर नावं साइटवर जमली होती. आपल्याकडे चार हजार घरांचे पत्ते आहेत, असा विचार विनिताच्या मनात कधी आला नव्हता. तिच्या लेखी ती गिऱ्हाइकं होती.

साडेदहाला ती पिशव्यांवर चिकटवायची लेबलं छापायला बसली. लेबलावर खाली 'सूचना' असा एक रकाना असे. लोक त्यात लिहीत, डोकी काढून, तुकडे जाड ठेवा, कोळंबीचा काळा धागा काढा. मानसी धुरीच्या लेबलावर सूचना चार ओळींची होती. दर शुक्रवारी ती छापली जाई, पण विनिताने आजवर ती शेवटपर्यंत वाचली नव्हती.

'बेल वाजवू नये. फोन करू नये, फक्त मेसेज करावा. कुणीही, नातेवाईक म्हणूनसुद्धा, चौकशी केली तर माझं घर सांगू नये. प्लीज.'

विनिताने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिला सकाळचा फोन आठवला.

"आई," ती म्हणाली, "मघाशी फोन आलेला ना, त्या माणसाला मी काय सांगितलं?"

पार्वती ओट्यावर सुरी धूत होती. "मना काय ठावं? घर नंबर सांगितलास त्याला. बायकोचा."

"ती लिहितेय, कुणाला सांगू नका."

पार्वतीने सुरी खाली ठेवली. "मग लाव तिला फोन."

विनिताने मानसीचा नंबर लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग तिला सूचना आठवली आणि तिने मेसेज टाकला: 'ताई, मी दर्यातून दारातची विनिता. सकाळी एका माणसाने तुमचा मिस्टर म्हणून फोन केला. माझ्याकडून चुकून घर नंबर सांगितला गेला. दार उघडू नका. लगेच फोन करा.' मेसेज पोचल्याच्या दोन खुणा दिसल्या. निळ्या होईनात.

"पन त्याला ऑर्डर कशी कळली गो?" पार्वती म्हणाली. "सरंगे किती, कोलबी किती, सगला बोलला तो."

तोच प्रश्न विनिताला छळत होता. तिने अल्पेशला फोन लावला.

"विनिताबेन, हॅक वगैरे काय नाय," अल्पेश म्हणाला. "आपलं 'माझी ऑर्डर कुठे आहे' पेज आहे ना, तिकडे मोबाइल नंबर टाकला की ऑर्डर दिसते. तिचा नंबर त्याच्याकडे असणार."

"कुणीही कुणाचाही नंबर टाकला तरी?"

"ओटीपी ठेवला तर लोक वैतागतात. तुम्हीच बोललेला, सोपं ठेव."

ती तसं म्हणाली होती. तिला तो दिवससुद्धा आठवला.

"पत्ता पण दिसतो?"

"बिल्डिंगपर्यंत. ओळ लांब झाली की पुढचं कापलं जातं स्क्रीनवर. काय झालं काय?"

तिने फोन ठेवला. कापलं गेलेलं तेवढंच त्या माणसाने तिच्याकडून घेतलं होतं.

अकराच्या बोटीवर ती खोक्यांसोबत स्वतः चढली. एरवी ती जात नसे. बोट खाडीत शिरली. समोर बोरिवलीच्या इमारती दिसत होत्या, आणि तिच्या हातात फोन होता. तिने साइटचं ते पान उघडलं आणि आपल्या नणंदेचा नंबर टाकला. श्रुतिका केणी, बोरिवली पश्चिम, एक किलो बांगडा, बुधवारची ऑर्डर. मग एका जुन्या गिऱ्हाइकाचा, दहिसरच्या डॉक्टरीणबाईंचा. नाव, इमारत, दर शुक्रवारी दोन पापलेटं. मग एका एकट्या राहणाऱ्या आजींचा, ज्या नेहमी एकच पापलेट मागवत. त्यांच्या पत्त्याची ओळ छोटी होती. घर नंबरासकट सगळं दिसलं.

तिने फोन पदराखाली धरला, जणू शेजारी बसलेली माणसं वाचत होती. शेजारी एक माणूस मोटरसायकलला टेकून झोपेला आला होता, त्याला कशाचंच काही नव्हतं.

मानसीच्या मेसेजवरच्या खुणा अजून करड्याच होत्या.

धक्क्यावर नंदूला तिने सांगितलं, "आधी कांदरपाडा. बाकीचं मागून."

"बर्फ वितळेल गं."

"वितळू दे."

रिक्षा लिंक रोडला लागली. आय. सी. कॉलनीच्या सिग्नलला ती अडकली, तेव्हा विनिताला वाटलं, खाली उतरून धावत सुटावं. मनात ती हिशोब मांडत होती. तो कुठून येणार? फोन साडेनऊला आला. आता पावणेबारा. तो विरारहून येणार असेल तर? चारकोपहून असेल तर केव्हाच पोचला. कदाचित काहीच नसेल, एखादा भांडलेला नवरा, संध्याकाळी गजरा घेऊन जाईल. असं ती स्वतःला समजावत होती, आणि 'नातेवाईक म्हणूनसुद्धा' हे शब्द ते समजावणं टिकू देत नव्हते.

सागरछायाच्या गेटवर वॉचमनने वही पुढे केली. "नाव, नंबर, कुठे जायचं."

वही उघडीच होती. सकाळपासून आलेल्या सगळ्यांची नावं, फोन नंबर, घरं, कुणीही वाचावीत अशी. विनिताची नजर शेवटच्या ओळीवर गेली. वेळ अकरा एकोणपन्नास. बी ६०३. आणि 'कुठून' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, दर्यातून दारात.

"हा कोण आला?" तिचा आवाज चिरका निघाला.

"मच्छीवाला. ॲपवर विचारलं मॅडमना, त्यांनी ओके केलं." वॉचमनने नंदूच्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं. खोक्यावर निळ्या अक्षरात तेच नाव होतं. "अरे, मग तुम्ही कोण?"

"मच्छीवाली मी आहे," विनिता म्हणाली आणि पळाली. "त्याला मी पाठवलेलं नाही. तुम्ही पण चला वर!"

लिफ्ट सहाव्या मजल्यावरच उभी होती, ती खाली येईना. ती आणि वॉचमन जिन्याने निघाले, नंदू खोकं घेऊन मागून. चौथ्या मजल्यावर तिला त्याचा आवाज ऐकू आला. तोच शांत, थकलेला आवाज.

"पाच मिनिटं. मी ओरडतोय का? सांग, ओरडतोय का मी? फक्त दार उघड, समोरासमोर बोलू."

सहाशे तीनचं लाकडी दार उघडं होतं, बाहेरचं लोखंडी जाळीचं दार बंद. जाळीला दोन्ही हातांनी धरून एक चाळिशीतला, नीट इस्त्रीच्या शर्टातला माणूस उभा होता. आत, दारापासून चार पावलं मागे, एक बाई भिंतीला पाठ लावून उभी. तिच्या हातात मासळी घ्यायला आणलेलं पातेलं होतं. ते तिने छातीशी धरलं होतं.

विनिताला वाटलं होतं, पोचल्यावर काय करायचं ते सुचेल. काहीच सुचलं नाही. ती सरळ त्याच्या आणि जाळीच्या मधे घुसली. माशांचा वास येणारी अनोळखी बाई एकदम अंगावर आली म्हणून तो नकळत मागे सरला.

"दार लावून घ्या ताई," ती मागे न बघता म्हणाली. "आतलं पण."

"तुम्ही कोण?" तो म्हणाला.

"कोण असू दे. तुम्ही खाली चला."

तिच्या बोलण्यावरून त्याने तिला ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. तिच्या खांद्यावरून आत बघत तो म्हणाला, "मानसी, यांनीच सांगितलं मला. मी शोधत नव्हतो. घर नंबरसुद्धा यांनीच दिला."

विनिताने आयुष्यात बाजारातली भांडणं पाहिली होती, स्वतः केलीही होती. पण हे वाक्य खरं होतं. तिने मान वळवली. जाळीपलीकडे मानसी तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. ही कुठल्या बाजूची, एवढंच ती अजमावत होती.

"हो, मी सांगितलं," विनिता म्हणाली. "याने खोटं बोलून विचारलं आणि मी सांगितलं." मग तिने पार्वतीकडून शिकलेला, अर्ध्या बाजारापलीकडे पोचणारा आवाज काढला. "ओ काका! काकू! सहाशे एक, सहाशे दोन, सहाशे चार! बाहेर या जरा!"

दारं उघडली. एका दारातून निवृत्त दिसणारे एक गृहस्थ, दुसऱ्यातून पीठ लागलेल्या हातांची बाई. वॉचमन जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. आतून मानसीचा आवाज आला, फोनवर, कापरा पण एकेक शब्द नीट सांगणारा, "हो, सौरभ धुरी. कोर्टाचा आदेश आहे, त्याने माझ्या घरापाशी यायचं नाही. हो, आत्ता दारात आहे."

कोर्ट हा शब्द ऐकून शेजारचे गृहस्थ चप्पल घालून बाहेर आले. सौरभने सगळ्यांकडे एकवार पाहिलं, कॉलर ठीक केली. "नवरा-बायकोचं आहे," तो म्हणाला. कुणीच मान डोलावली नाही. मग तो लिफ्टकडे वळला आणि जाता जाता, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आता माहीत आहे मला."

वॉचमनने वर येतानाच खालच्या गेटला कुलूप लावलं होतं म्हणून पोलीस येईपर्यंत तो आवारातच सापडला.

दुपारी पोलीस चौकीत मानसी आणि विनिता एकाच बाकावर बसल्या. मानसीने तेव्हा तुटक तुटक सांगितलं. चारकोपचं घर तिने दीड वर्षापूर्वी सोडलं. नोकरी बदलली, घर बदललं, माहेरीसुद्धा पत्ता सांगितला नाही. नंबर तेवढा तोच ठेवला, कारण बँक, आधार, सगळं त्यावर. "त्याला ब्लॉक केलं की झालं, असं वाटलं मला. मासे मी तुमच्याकडून चारकोपला असतानापासून घेतेय. नवा पत्ता टाकला फक्त. एवढंच केलं." ती हातांकडे बघत होती. "दीड वर्षात मी एकच गोष्ट आवडीने मागवली."

विनिताला रडू आलं. ते तिने गिळलं, कारण रडायचा हक्क तिथे तिचा नव्हता.

"मी जबानी देते," ती म्हणाली. "फोन कितीला आला, काय बोलला, मी काय सांगितलं. सगळं."

"तुमच्यावर येईल ते."

"येऊ दे."

तिने सांगितलं. फोनची नोंद दाखवली, वॉचमनच्या वहीच्या पानाचा फोटो दाखवला. हवालदारबाईंनी विचारलं, "म्हणजे कुणाचीही ऑर्डर कुणालाही दिसत होती?" विनिता हो म्हणाली. बाईंनी ते लिहून घेताना पेन जरा थांबवलं आणि विचारलं, "मी पण मागवते तुमच्याकडून. माझी पण?"

"हो," विनिता म्हणाली.

कोर्टाचा आदेश मोडला म्हणून सौरभवर गुन्हा नोंदला गेला. मानसीच्या वकिलांनी नंतर सांगितलं, विनिताच्या जबानीमुळे तो शोधत आला होता हे सिद्ध करायला मदत झाली, नाहीतर तो सहज भेटायला आलो म्हणाला असता. ऐकायला बरं वाटावं असं ते होतं. विनिताला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मरोळला गेली. अल्पेशने ते पान रात्रीच बंद केलं होतं. त्याचाही चेहरा उतरला होता.

"लॉग बघितले," तो म्हणाला. "मानसीबेनचा नंबर चार दिवसांत अकरा वेळा टाकलाय. एकाच फोनवरून."

"आणि बाकीच्यांचे? दुसऱ्या कुणी कुणाचे बघितले?"

"लॉग आठवडाभराचेच राहतात. त्याआधीचं नाही कळणार."

"म्हणजे पाच वर्षांत कुणी काय बघितलं…"

"नाही कळणार, बेन."

ती खुर्चीत बसून राहिली. बाहेर गाळ्यासमोर ट्रकमधून पत्रे उतरत होते, त्यांचा आवाज येत होता. चार हजार घरं. त्यांतली किती दारं अशी असतील, जिथे बेल वाजली की बाई भिंतीला टेकते? ती कुणाला माहीत असणार? आणि जे कुणाला माहीत व्हायला नको होतं तेच ती पाच वर्षं उघड्यावर मांडून बसली होती.

"सगळ्यांना मेसेज टाकायचा," ती म्हणाली. "काय उघडं होतं, किती दिवस होतं, आणि आता बंद केलं."

"सगळ्यांना? बेन, धंदा बसेल. कुणी विचारलं तर सांगू ना. सरळ म्हणू, सिस्टम अपडेट केली."

"ती जाळीच्या आत पातेलं धरून उभी होती, अल्पेश. तिला अपडेट सांगू?"

अल्पेशने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. मेसेज तिने स्वतः लिहिला, गोराईत बोलतात तसा साधा. उत्तरं येत राहिली. काहींनी शिव्या घातल्या. काहींनी नाव काढायला सांगितलं. बऱ्याच जणांनी उद्या सुरमई आहे का एवढंच विचारलं. एका बाईने लिहिलं, 'सांगितलंत हे बरं केलंत, मी घर बदलतेय.' का, ते तिने लिहिलं नाही, आणि विनिताने विचारलं नाही.

चौथ्या दिवशी मानसीचा फोन आला.

"माझं नाव काढून टाका. सगळीकडून."

"काढलं, ताई. शुक्रवारीच."

"खरंच गेलं का?"

विनिता हो म्हणणार होती. तोंडाशी आलेला शब्द तिने थांबवला. "मी बघून सांगते," ती म्हणाली.

मग ती शोधत बसली. साइटवरून नाव गेलं होतं, पण अल्पेशच्या कॉपीत होतं. तिच्या फोनमध्ये, ती नेहमी मागवायची त्या माशावरून, 'मानसी सरंगे' म्हणून होतं. नंदूला रोज पाठवायच्या यादीत, मागच्या दीड वर्षाच्या प्रत्येक शुक्रवारी होतं. टॅबच्या एका जुन्या फाइलमध्ये, दिवाळीच्या शुभेच्छांसाठी बनवलेल्या यादीत होतं. ती यादी तिने वसईच्या एका सुक्या मासळीवाल्या बाईला दिली होती, गिऱ्हाइकं मिळतील म्हणून, अगदी चांगल्या मनाने. त्या बाईला फोन करून, मग वसईला जाऊन समोर बसून तिने ती पुसायला लावली. घरात ओट्याखाली न वापरलेल्या लेबलांची पिशवी होती. पार्वतीने ती एकेक करून चुलीत घातली.

"बाजारात मी कुनाला इचारला नाय, कुठं ऱ्हातेस म्हनून," म्हातारी जाळाकडे बघत म्हणाली. "तोंड ओळखीचं असलं की पुरं."

"आता पोचवायचं तर विचारावंच लागतं, आई."

"इचार. पन झाल्यावर ठेवतेस कशाला?"

त्या आठवड्यात तिने अल्पेशकडून एक गोष्ट करून घेतली. मासळी पोचली की दुसऱ्या दिवशी पत्ता आपोआप पुसला जाईल. पुढच्या वेळी गिऱ्हाइकाने पुन्हा लिहावा. लोक कुरकुरले. काही गेले ते गेलेच.

तिने मानसीला फोन केला आणि कुठे कुठे सापडलं ते सगळं सांगितलं, वसईची बाईसुद्धा लपवली नाही. "एक जागा उरलीय. साइट जिथे ठेवतात त्या कंपनीची जुनी कॉपी. ती आपल्या हातात नाही. तीस दिवसांनी आपोआप जाते."

मानसीने प्रत्येक जागा पुन्हा एकदा विचारून घेतली.

"तोवर मी इथे नसेन," मानसी म्हणाली. "कुठे जातेय ते सांगणार नाही."

"सांगू नका."

"आणि हा नंबर पण बंद करतेय. बँकेत जाऊन बदलला काल. चार तास लागले. तुम्ही जिना चढून आलात, ते मी विसरणार नाही. पण दुसरं पण विसरणार नाही."

"नका विसरू," विनिता म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने फोनमधलं शेवटचं 'मानसी सरंगे'ही पुसलं.

एकतिसाव्या दिवशी, अकराच्या बोटीची खोकी बांधत असताना अल्पेशचा मेसेज आला. कंपनीची जुनी कॉपी गेली होती, त्याने पुरावा म्हणून फोटोही जोडला होता. विनिताने तो मोठा करून नीट वाचला. हे मानसीला कळवायला हवं, असं वाटून तिने सवयीने नावांची यादी उघडली. मग तिच्या लक्षात आलं की कळवायला तिच्याकडे मानसीचा नंबरच उरलेला नाही. तिने फोन बाजूला ठेवला आणि पुढच्या पिशवीवरची सूचना पहिल्या शब्दापासून वाचायला घेतली.